खिळ्यांची नावे आणि अक्षरांचे क्रमांक

चाकणच्या एखाद्या कारखान्यात जाऊन भांडारपालाकडे “तो लांबटसा, डोक्याला खाच असलेला बोल्ट द्या” असे म्हणून पाहावे. तो हसेल आणि पार्ट नंबर विचारील. बोल्ट हातात धरला म्हणजे तो कसा आहे हे डोळ्यांना दिसते. परंतु हजारो सुट्या भागांच्या राशीतून नेमका तोच भाग नेमक्या यंत्रात बसावयाचा तर त्याला एक नाव लागते, एक क्रमांक लागतो, आणि ते नाव ड्रॉइंगवर, खोक्यावर व वहीत एकच असावे लागते. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, कारण घरोघरी कोणी ना कोणी कारखान्यात जाणारे आहे. तेव्हा आज आम्ही ज्या विषयासंबंधी चार शब्द सांगणार आहोत तो परका वाटण्याचे कारण नाही. मराठी अक्षर हाही एक सुटा भागच आहे. त्याची आकृती एक, त्याचे नाव दुसरे आणि त्याचा क्रमांक तिसरा. या तिघांचा मेळ आपल्या लोकांनी गेल्या दोनशे वर्षांत कसा घातला, तो कोठे बिघडला आणि त्यापायी आपले काय गेले, हाच या लेखाचा विषय होय.

मुद्रणाच्या आरंभकाळी आपल्याकडे सुटे अक्षर नव्हतेच. नाना फडणविसांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरवून छापण्याचा उद्योग आरंभला होता. त्यांच्या मृत्यूनंतर तो कारागीर मिरजेस गेला आणि पटवर्धनांच्या आश्रयाने इ. स. १८०५ मध्ये गीता छापली गेली, असे इतिहासकार सांगतात. पत्र्यावर संपूर्ण पान कोरलेले असते. तेथे ‘क’ नावाची वेगळी वस्तू नसते. असते ते केवळ चित्र. एका पानावरचा ‘क’ काढून दुसऱ्या पानावर बसविता येत नाही. ज्या वस्तूला वेगळे अस्तित्व नाही तिला नावाचीही गरज पडत नाही.

त्याच १८०५ साली तिकडे श्रीरामपुरास विल्यम केरीने मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले, आणि १८१० साली मराठीचा कोश मोडी खिळ्यांनी छापला. येथून सुट्या अक्षरांचे युग सुरू झाले. मुंबईस अमेरिकन मिशनने १८१७ च्या सुमारास छपाईला आरंभ केला, आणि पुढे त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने सुबक मराठी खिळे तयार केले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले व पुढे खिळ्यांचाही कारखाना काढला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी कामाला लागलेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर कोरलेल्या अक्षरांचे वळण साऱ्या हिंदुस्थानात नावाजले गेले.

छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याच्या पुढ्यात लाकडी केस असे. इंग्रजी जुळाऱ्याचे काम शे-दीडशे खणांत भागे. मराठी जुळाऱ्याला मात्र कित्येक केसेस मांडून बसावे लागे. कारण आपल्या लिपीत केवळ ‘क’ असून चालत नाही. अर्धा ‘क’ हवा, ‘क्र’ हवा, ‘क्ष’ हवा, ‘क्त’ हवा. शिवाय मुंबईकडच्या डिग्री पद्धतीत एक ओळ तीन मजल्यांनी बांधीत: मधे मुख्य अक्षर, वर मात्रा-रेफ-अनुस्वाराचे बारीक खिळे आणि खाली उकार. कलकत्त्याकडची अखंड पद्धती निराळी. या दोन पद्धतींतले अक्षर कागदावर सारखेच वाचले जाई. परंतु ते ज्या तुकड्यांतून उभे राही ते तुकडे सर्वस्वी भिन्न होते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. कागदावरचे अक्षर ही एक गोष्ट, आणि ते ज्यांतून घडले ते तुकडे ही दुसरी.

जुळाऱ्याला कोणता तुकडा कोणत्या खणात आहे हे हाताच्या सवयीने कळे. खणाचे स्थान हेच त्या खिळ्याचे नाव. एका छापखान्यातला तरबेज माणूस दुसऱ्या छापखान्यात गेला की पहिले काही दिवस चाचपडे, कारण तेथली मांडणी वेगळी. तरीपण त्यामुळे मजकुराचे कायमचे नुकसान होत नसे. ओळ एकदा कागदावर छापली म्हणजे खण कोठे होता हे विचारण्याची गरजच उरत नसे. कागद हाच साक्षीदार होता.

खिळ्यांची ही गर्दी कमी करावी हा ध्यास आपल्या पुढाऱ्यांना फार दिवस होता. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या निमित्ताने या प्रश्नात लक्ष घातले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ करून ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. इ. स. १९५३ मध्ये लखनौस लिपिसुधारणेची परिषद भरली. तिच्यातील ऱ्हस्व वेलांटीचा बदल लोकांच्या गळी उतरला नाही व मागे घ्यावा लागला. या सर्व खटाटोपांत एक गृहीत समान होते: यंत्र बदलता येत नाही, सबब लिपी बदलावी. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्रणाचा साद्यंत इतिहास १९७१ साली तीन खंडांत मांडला. तो चाळला की ध्यानात येते, आपले पूर्वज या प्रश्नाशी किती निष्ठेने झगडत होते.

संगणक आला आणि हे गृहीत उलटे झाले. यंत्र कितीही खिळे ठेवू शकते, तर मग लिपीने वाकण्याचे कारण काय? परंतु हे शहाणपण यायला काही वर्षे जावी लागली, आणि मधल्या काळात जे झाले त्याची झळ आपल्याला आजही पोचते.

ते असे झाले. आरंभीच्या संगणकी फाँटात २५६ खण होते, आणि प्रत्येक खणाला रोमन लिपीतले एक अक्षर किंवा चिन्ह आधीच नेमून दिलेले होते. मराठी फाँट करणाऱ्यांनी काय केले? रोमन ‘के’च्या खणात मराठी तुकडा ठेवला, ‘अँड’च्या चिन्हाच्या खणात दुसरा ठेवला, जर्मन भाषेतल्या टिंबवाल्या ‘ए’च्या खणात तिसरा. कित्येक फाँटांत तर अर्धा ‘क’ एका खणात आणि त्याचा कान्यासारखा उभा दंड दुसऱ्या खणात. दोन कळा दाबाव्या तेव्हा पुरा ‘क’ उठे. टंकलेखन यंत्रावरची ती जुनी युक्ती होती, आणि तिचे आजोबा म्हणजे ओतशाळेतले तुकडे. पडद्यावर व कागदावर अक्षर उत्तम दिसे. परंतु संगणकाच्या पोटात मराठी म्हणून काही नव्हतेच. तेथे होती रोमन अक्षरांची निरर्थक माळ. आणि प्रत्येक फाँट करणाऱ्याची खणांची मांडणी स्वतःची.

याचा अर्थ काय होतो ते आम्हांला पुस्तकातून नव्हे, अनुभवाने कळले. आमच्या या औद्योगिक परिसराचा इतिहास फार जुना नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीस १९५४ साली आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. साताऱ्याकडून, सांगलीकडून, मराठवाड्यातून, विदर्भातून माणसे आली, चाळींतून व वसाहतींतून राहिली, आणि त्यांनी आपापली मंडळे काढली. अशाच एका कामगार मंडळाच्या वार्षिक अंकांचा मजकूर जुन्या संगणकावरून उतरवून आमच्याकडे आला. कारखान्यातल्या पाळ्या, गावाकडचा दुष्काळ, पहिल्या पगारातून आईला घेतलेले लुगडे, असे पुष्कळ त्यात होते म्हणतात. छापील अंक बहुतेक वाळवीने खाल्ले होते. आम्ही ती फाइल उघडली तेव्हा पडद्यावर केवळ इंग्रजी अक्षरांचा, टिंबांचा आणि कंसांचा उकिरडा दिसला. ज्या फाँटात तो मजकूर लिहिला होता तो फाँट कोणापाशी नव्हता. लिहिणाऱ्यांपैकी काही जण हयात नव्हते.

पत्र्यावरची गीता आजही वाचता येते. तीस वर्षांपूर्वीचा कामगाराचा लेख वाचता येत नाही! हा दोष यंत्राचा नव्हे, नाव आणि क्रमांक यांच्याविषयी आपण दाखविलेल्या बेफिकिरीचा आहे.

पुष्कळ शोधल्यावर तो फाँट एका जुन्या तबकडीत सापडला. तेव्हा आम्ही प्रथमच कमांड लाइनवरची हत्यारे हाती घेतली. जुस्ट व्हान रॉसम या डच अक्षरकाराने १९९९ च्या सुमारास फाँट उसवून त्याचा वाचता येईल असा मजकूर करणारे एक साधन तयार केले. त्याचे नाव टीटीएक्स. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी, की फाँटाच्या पोटातली सगळी कोष्टके साध्या मजकुरात समोर येतात. त्यांतली तीन कोष्टके आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. पहिल्यात अक्षराकृतींची यादी असते, ज्यांना संगणकवाले ग्लिफ म्हणतात, व प्रत्येकीचे नाव असते. दुसऱ्यात कोणत्या क्रमांकाला कोणती आकृती हे लिहिलेले असते. तिसऱ्यात आकृतीऐवजी आकृती घालण्याचे नियम असतात: अर्धा ‘क’ कधी, ‘क्ष’ कधी, रेफ कधी. आमच्या त्या फाँटात तिसरे कोष्टक नव्हतेच, आणि पहिल्या कोष्टकातली नावे शुद्ध रोमन होती. मराठी ‘ळ’च्या आकृतीचे नाव भलत्याच चिन्हाचे!

आम्ही एकेक आकृती छापून तिच्यापुढे खरे अक्षर लिहिले आणि तुलनेचा तक्ता केला. तेवढ्याने काम संपले नाही. जुन्या फाँटात ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी व ‘क’ नंतर, कारण दिसते तसे. आजच्या पद्धतीत ‘क’ आधी व वेलांटी नंतर, कारण उच्चार तसा. रेफाचे याच्या उलट: जुन्यात तो अक्षराच्या शेवटी टाइप होई, आजच्या पद्धतीत आधी ‘र’ येतो. म्हणून नुसती अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. काही आठवड्यांनी पहिले वाक्य वाचता आले. ते दळणाच्या रांगेविषयी होते. आम्ही ते मोठ्याने वाचले.

आता या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार आपल्या अगदी जवळ, पुण्यातच, झाला होता ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे प्रभृतींनी सुरू केलेले भारतीय लिप्यांचे काम तेथे आले. या मंडळींनी दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या केल्या. एक, अक्षरांचा संकेत, म्हणजे ‘क’ या वर्णाला क्रमांक देणे. हा इस्की नावाने १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. दुसरा, आकृतींचा संकेत, म्हणजे फाँटातल्या तुकड्यांना क्रमांक देणे. त्याचे नाव इस्फॉक. मजकूर साठवायचा तो वर्णांच्या क्रमांकांनी, आणि दाखवायचा तो तुकड्यांच्या क्रमांकांनी. आत्मा एक आणि वस्त्रे अनेक, असा हा विवेक होता. दुर्दैवाने बाजारातल्या लोकांनी बहुधा वस्त्रेच साठविली.

त्याच १९९१ साली जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोड नावाचा संकेत प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरीला १२८ खणांची पेठ मिळाली, आणि तिची रचना इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून केली गेली. त्यात ‘क’ म्हणजे ०९१५, ‘ल’ म्हणजे ०९३२, ‘ळ’ म्हणजे ०९३३, हलंताची खूण म्हणजे ०९४डी. हे क्रमांक सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून त्यांत अधूनमधून रोमन अक्षर येते. अर्ध्या ‘क’ला मात्र युनिकोडमध्ये क्रमांक नाही. ‘क्ष’लाही नाही. तो ०९१५, ०९४डी, ०९३७ अशा तीन क्रमांकांनी लिहितात, आणि त्याची एकच आकृती करण्याचे काम फाँटावर सोपवितात.

येथेच नावाचे महत्त्व येते. ज्या आकृतीला क्रमांक नाही, तिला ओळखायचे कशाने? केवळ नावाने. फाँट बांधणारा नियम लिहितो तो असा, की ‘क’ आणि हलंत आणि ‘ष’ हे लागोपाठ आले तर त्यांच्या जागी ‘क्ष’ घाल. हा नियम आकृत्यांच्या नावांनीच लिहावा लागतो. नाव लिहिण्यात चूक झाली आणि तशी आकृतीच नसेल, तर साधन थांबते व टर्मिनलवर तक्रार लिहून दाखविते. हा मोठा उपकार समजावा. परंतु दोन आकृत्यांची नावे आपसांत बदलली गेली तर तक्रार येत नाही. फाँट बिनबोभाट तयार होतो, आणि चुकीचे अक्षर शेकडो संगणकांवर जाऊन बसते. चुकीच्या पेटीत टाकलेला बोल्ट मोजमाप केल्याशिवाय सापडत नाही, तद्वतच हे.

नावे कशी असावीत याचे नियम ॲडोबी कंपनीने घालून दिले व ते जगाने स्वीकारले. नावात रोमन अक्षरे, आकडे, टिंब आणि खालची रेघ एवढेच चालते. नावाची लांबी ६३ चिन्हांपेक्षा अधिक नसावी. ज्या आकृतीला युनिकोडचा क्रमांक आहे तिचे नाव ‘युनि’ आणि पुढे तो क्रमांक, म्हणजे ‘क’चे नाव ‘युनि०९१५’. ‘क्ष’चे नाव ‘युनि०९१५०९४डी०९३७’. हे नाव उच्चारायला कठीण खरे, परंतु त्यात एक गुण आहे. छापण्यासाठी तयार केलेल्या पीडीएफमधून मजकूर परत काढताना पुष्कळदा हातात फक्त आकृतीचे नाव उरते. त्या वेळी हे नाव स्वतःच सांगते, की मी मुळात ‘क’, हलंत आणि ‘ष’ होतो. नाव म्हणजे आकृतीच्या खिशातला घरचा पत्ता. तो नसला तर आकृती सुंदर असूनही बेवारस.

टिंबाचा उपयोगही असाच मार्मिक आहे. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि हिंदीचा दंडाचा ‘ल’ यांचा क्रमांक एकच, ०९३२. मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ यांचा आग्रह महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात धरला आहे. दोन्ही आकृत्या एकाच फाँटात ठेवायच्या तर एकीचे नाव ‘युनि०९३२’, आणि दुसरीचे तेच नाव, पुढे टिंब, आणि टिंबानंतर मराठीची खूण. टिंबापुढचे शेपूट आकृतीचा भेद सांगते, टिंबामागचा भाग वर्ण सांगतो. मजकूर परत काढणारे यंत्र शेपूट सोडून देते, आणि ‘ल’ तो ‘ल’च राहतो. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले की फाँटातला नियम मराठी आकृती पुढे करतो.

आता मराठीचा खास प्रश्न घेऊ. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ या दोन वाक्यांत पंडित आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातली खिंडारे. हा आडवा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीपुरत्या विचाराने केलेल्या फाँटात तो पुष्कळदा विसरला जातो. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, ०९३१ हा ‘ऱ’ घेऊन पुढे हलंत. दुसरी, साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात; शोधताना मात्र एक सापडतो व दुसरा सापडत नाही. फाँट बांधणाऱ्याने दोन्ही रीतींना एकाच आकृतीकडे आणले पाहिजे. परंतु त्या आकृतीला नाव एकच देता येते, म्हणून मजकूर परत काढताना त्यातली एकच रीत बाहेर येणार. येथे यंत्र काही ठरवीत नाही. मराठी जाणणाऱ्याने ठरवावे लागते, आणि ठरविलेले लिहून ठेवावे लागते. आमचे मत ०९३१ च्या बाजूने आहे, कारण ती रीत अदृश्य चिन्हावर अवलंबून नाही. अदृश्य वस्तू नकला करताना गळून पडते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरा प्रश्न आपल्या कारखान्यांच्या दारावरच लिहिलेला आहे. ‘ॲसेंब्ली’, ‘ॲल्युमिनियम’, ‘ॲक्सल’ यांतला ‘ॲ’ मराठीत रोज लागतो. तरी युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, तो ०९७२. त्यापूर्वी कोणी ‘अ’वर चंद्र देई, कोणी हिंदी वळणाचा ‘ए’वर चंद्र काढलेला खण वापरी. आज तिन्ही प्रकारचे मजकूर एकत्र नांदत आहेत. ‘अँटिबायोटिक्स’चे तर आणखी निराळे: ‘अ’वर चंद्रबिंदू द्यावा की ‘ॲ’वर अनुस्वार? डोळ्याला भेद दिसत नाही, परंतु यादीत शोधणाऱ्याला एकाच कारखान्याची दोन नावे सापडतात. ज्या पिंपरीची ओळख त्या नावाने देशभर झाली, त्या पिंपरीनेच ते नाव दोन तऱ्हांनी साठवावे हे बरे नव्हे.

या शिस्तीचे एक चांगले उदाहरण पुण्यातच घडले. रेड हॅट या कंपनीने ‘लोहित’ नावाची भारतीय लिप्यांची फाँटमाला सर्वांना मोकळी करून दिली. मुळातले फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविले होते. श्रीलिपी करणारी तीच ही संस्था. २०११ साली लोहितचा परवाना बदलून तो खास फाँटांसाठी केलेल्या खुल्या परवान्याखाली आला. त्यानंतर २०१३ च्या सुमारास पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी लोहितची दुसरी आवृत्ती हाती घेतली. त्यांनी अक्षरे सुंदर करण्यापेक्षा घर आवरण्याचे काम पत्करले. आकृत्यांना नियमबद्ध नावे दिली, आकृती बदलण्याचे नियम फाँटाच्या पोटातून काढून वेगळ्या वाचनीय फाइलीत लिहिले, आणि संपूर्ण फाँट टर्मिनलवर एका आज्ञेने पुन्हा बांधता येईल अशी व्यवस्था केली. नावे नियमबद्ध असल्यामुळे एका फाँटाचे नियम दुसऱ्या फाँटाला थोड्या फेरफाराने वापरता येऊ लागले. प्रदर्शनात मांडण्यासारखे हे काम नव्हे. परंतु पाया भरणाऱ्याचे काम असेच असते.

टर्मिनलचाच आग्रह का, असे कोणी विचारील. खिडक्या उघडून, उंदीर फिरवून फाँट करता येतोच. येतो; परंतु हाताने केलेल्या शंभर गोष्टींची नोंद राहत नाही. टर्मिनलवर लिहिलेली आज्ञा मात्र कागदावर राहते. आज बांधलेला फाँट पाच वर्षांनी दुसऱ्या माणसाने त्याच फाइलींवरून बांधला तर तोच निघतो. दोन आवृत्त्यांमध्ये नेमके काय बदलले ते ओळीओळीने पाहता येते. कामाची रीत साधारणतः अशी: बांधणारा स्वतःच्या सोयीसाठी सोपे नाव ठेवतो, जसे ‘क-देव’, ती घरची हाक. एका वेगळ्या कोष्टकात त्या हाकेपुढे कागदोपत्री नाव लिहिलेले असते, आणि गरजेप्रमाणे क्रमांकही. ॲडोबीच्या साधनांत हे कोष्टक तीन रकान्यांचे असते. काम करताना घरची हाक, आणि फाँट बाहेर पाठविताना कागदोपत्री नाव. घरच्या नावात आडवी रेघ चालते, बाहेरच्या नावात ती वर्ज्य. म्हणून हा बदल विसरून चालत नाही. शेवटी तयार फाँट पुन्हा उसवून पाहावा, आणि ‘आचाऱ्यांना’, ‘ॲक्सल’, ‘क्षत्रिय’, ‘लक्ष्मी’ असे पाचपन्नास शब्द त्यातून काढून मूळ मजकुराशी ताडावे. आमच्या कारखान्यांतले तपासनीस याहून निराळे काय करतात?

एक गोष्ट समाधानाची. केरीच्या १८१० च्या कोशानंतर मोडी हळूहळू मुद्रणातून बाहेर पडली. चिंचवडच्या देव घराण्याला मिळालेल्या सनदा, पत्रे, हिशेब ज्या लिपीत आहेत, ती लिपी संगणकात निनावी होती. २०१४ साली युनिकोडने मोडीलाही तिची पेठ दिली. म्हणजे आता तिच्या प्रत्येक वर्णाला क्रमांक आहे, आणि तिचे फाँट करणाऱ्याला नावे ठेवण्याचा पाया आहे. दोनशे वर्षांपूर्वी जिचे खिळे पाडले गेले ती लिपी उशिरा का होईना, पण दप्तरी नोंदली गेली.

शेवटी श्रोत्यांना व वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. फाँट बांधणे प्रत्येकाचे काम नव्हे. परंतु आपल्या मंडळाचे, पतपेढीचे, ग्रंथालयाचे जुने संगणक रद्दीत जाण्यापूर्वी त्यांतला मराठी मजकूर आणि त्याचबरोबर ज्या फाँटात तो लिहिला तो फाँट, दोन्ही जपून ठेवणे हे प्रत्येकाचे काम आहे. मजकूर आहे आणि फाँट नाही, म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली नाही. आणि जी तरुण मंडळी पाळी संपल्यावर रात्री संगणकापुढे बसतात त्यांच्यापैकी चार जणांनी जरी हे नावांचे व क्रमांकांचे निगुतीचे काम शिकून घेतले, तरी या परिसरातल्या माणसांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे लिहिले त्यातले पुष्कळ परत वाचता येईल. दळणाच्या रांगेविषयीचे ते वाक्य ज्यांनी लिहिले ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या मुलाला आम्ही तो लेख नव्या अक्षरांत छापून दिला. त्याने तो उभ्या उभ्या वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला.